अम्मांचं तेल

मला खोटं बोलता येत नाही. हा काही फार मोठा गुण आहे असं समजू नका. आमच्या घरात तर तो दुर्गुणच धरला जातो. लग्न होऊन महिना झाला असेल, नवऱ्याच्या आत्यानं आम्हाला जेवायला बोलावलं आणि पायसम कसं झालंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, खाली थोडं लागलंय. आत्या त्यानंतर वर्षभर आमच्याकडे फिरकल्या नाहीत. "छान झालंय म्हटलं असतंस तर काय जीभ झडली असती?" नवरा घरी येताना म्हणाला. जीभ झडली नसती, पण चेहऱ्यावर सगळं दिसलं असतं आणि ते जास्त वाईट झालं असतं.

मी कौमुदी. भुसावळजवळच्या वरणगावची. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्यात होते, त्यांची बदली आवडीच्या कारखान्यात झाली आणि आम्ही बाडबिस्तरा घेऊन चेन्नईत आलो. पुढे पेरुंगुडीच्या एका ऑफिसात मला विजयेंद्र भेटला. कॅन्टीनमध्ये माझं आईशी फोनवरचं बोलणं ऐकून तो म्हणाला, "मी पण मराठी." त्याची ती मराठी ऐकून मला इतकं हसू आलं की ताक नाकात गेलं. त्याचे पूर्वज तंजावरला येऊन तीनशे वर्षं झाली होती. माझ्या वडिलांना येऊन तीन. कोण जास्त मराठी यावर आमची पहिली दोन भांडणं झाली आणि तिसऱ्या भांडणाआधी लग्न ठरलं.

घर वेस्ट मांबलमला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरात माझ्या सासूबाई आणि नणंद रंजनी. सासूबाईंचं नाव कनका, पण त्यांना सगळे अम्मा म्हणतात म्हणून मीही अम्माच म्हणते. सासरे गेले तेव्हा विजयेंद्र सात वर्षांचा होता आणि रंजनी नुकती उठून उभी राहायला लागली होती. शाळेत शिकवून, घरी शिकवण्या घेऊन त्यांनी दोघांना वाढवलं. त्या 'सगळं' याला 'अस्कं' म्हणतात आणि वाक्यात जागोजागी 'म्हणून' घालतात. त्यांच्या तोंडी ती मराठी शोभते. चुकून मी तशी बोलायला गेले तर रंजनी हसून लोळते. ती मला मन्नी म्हणते, म्हणजे वहिनी.

अम्मांचं माझं बरं चालायचं. एका गोष्टीवरून मात्र खटका ठरलेला होता, ती म्हणजे मडी. मडी म्हणजे आपलं सोवळं. देवाच्या फळीवर कुंकवाच्या करंड्यामागे एक पावडरचा जुना डबा होता आणि त्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. श्राद्ध आलं, नवरात्र आलं, कोणाची मुंज आली की अम्मा कॅलेंडर बघायच्या, बोटांवर मोजायच्या आणि पट्टी बाहेर काढायच्या. डोकेदुखीची गोळी द्यायची तर सतरा वेळा विचार करणाऱ्या बाई ही गोळी मात्र तीर्थ दिल्यासारखी हातावर ठेवायच्या. पहिल्याच वर्षी मी म्हटलं, मी घेणार नाही, मला मळमळतं. अम्मा काही बोलल्या नाहीत. सासऱ्यांच्या श्राद्धाला मी आतल्या खोलीत बसले आणि त्यांनी एकटीनं सगळा स्वयंपाक केला. ते न बोलणं भांडणापेक्षा भारी पडलं. पण रंजनी शाळेत असल्यापासून घेत आली होती. तिला त्यात काही वाटायचंच नाही.

आता विजयेंद्रच्या पायाचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

ऑक्टोबरमध्ये तो ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेला जाऊन आला. परत आल्यावर दोन-चार दिवसांनी डावी पोटरी दुखायला लागली. विमानात अवघडली असेल म्हणून त्यानं दुर्लक्ष केलं. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर हा पलंगावर पाय पसरून बसलेला आणि अम्मा शेजारी वाटीत तिळाचं तेल कोमट करून बसलेल्या. "वात धरलाय," त्या म्हणाल्या. "चांगलं चोळलं कीं उतरेल." मी पाय बघितला. डावा पाय उजव्याच्या दीडपट झाला होता, तांबूस आणि गरम. मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही, पण एकाच माणसाचे दोन पाय दोन माणसांचे असल्यासारखे दिसू नयेत एवढं कळतं. अम्मांनी बोटं तेलात बुडवायच्या आत मी वाटी बाजूला सारली आणि ऑटो बोलावली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी पायावर ते सोनोग्राफीचं यंत्र फिरवून बघितलं. मांडीपर्यंत रक्ताची गाठ होती. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कोणी चोळलं नाही ना?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. म्हणाल्या, अशा वेळी चोळलं तर गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो, माणूस बसल्या जागी जातो. ती तेलाची वाटी डोळ्यांसमोरून हलेना.

इंजेक्शनं सुरू झाली, त्याला ठेवून घेतलं. मी कपडे न्यायला घरी आले तर अम्मा दारातच उभ्या. "घरी आल्यावर लावूं की तेल?" म्हणून त्यांनी विचारलं.

"नको म्हणालेत डॉक्टर."

"कां?"

"नको म्हणजे नको, अम्मा."

मी दमले होते आणि घाबरलेही होते. दमले की माझा आवाज चढतो. अम्मांनी पुन्हा विचारलं नाही. त्या आत गेल्या आणि वाटीतलं तेल परत बाटलीत ओतलं.

मग डॉक्टर चंद्रमौळी आले. ते रक्ताच्या आजारांचे डॉक्टर, हळू आणि नीट बोलणारे. इतक्या तरुण वयात एवढी गाठ का झाली म्हणून त्यांनी तपासण्या केल्या. त्यात प्रोटीन एस नावाची एक गोष्ट फार कमी निघाली. ते म्हणाले, गाठ ताजी असताना हे प्रमाण तसंही खाली जातं, आत्ता यावर विश्वास ठेवायचा नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि डाव्या पायात मांडीपर्यंतचा घट्ट लवचिक मोजा. मोजा मापाचा मागवावा लागला. तो आला तेव्हा विजयेंद्र घरी येऊन आठवडा झाला होता. रोज सकाळी तो चढवताना नवरा-बायकोची अशी झटापट व्हायची की खालच्या मजल्यावरच्यांना वाटत असेल, मारामारी चालली आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही प्रमाण तेवढंच कमी होतं. चंद्रमौळींनी आम्हाला समोर बसवून समजावलं. "पंगतीत वाढणारे असतात ना, तसा पानावर हात आडवा धरून पुरे म्हणणाराही लागतो. रक्त गोठवणारी द्रव्यं वाढतच सुटतात. प्रोटीन एस हे पुरे म्हणणाऱ्यांपैकी. तुमच्याकडे तो हात अर्धाच आहे." मग त्यांनी विचारलं, घरात कोणाला असं काही झालं होतं का?

विजयेंद्र म्हणाला, "अप्पा अडतीसाव्या वर्षी गेले. हार्ट अटॅक."

"आधी काही आजार?"

"काही नाही. पाय मोडला होता, प्लास्टर होतं. तें काढलं आणि पुढं थोड्या दिवसांनी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हे जन्माचं असतं, ते म्हणाले, आईकडून किंवा बापाकडून येतं. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक भावंडाला असण्याची शक्यता निम्मी. बहीण आहे का? तिला तपासा. तिला आत्ता काही झालेलं नसेल तर रोजच्या औषधाची बहुधा गरजही लागणार नाही. पण बाळंतपणात काळजी घ्यावी लागेल, आणि हार्मोनच्या गोळ्या, कुठल्याही, आम्हाला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. मी विचारलं, पाळी पुढे ढकलायच्या? "त्याही. त्या तर आधी." मी विजयेंद्रकडे बघितलं. तो भिंतीवरचं फुप्फुसांचं चित्र बघत होता.

रंजनीचं लग्न तै या तमिळ महिन्यात ठरलं होतं, म्हणजे दोन आठवड्यांवर आलं होतं. मुलगा वेंकट, त्यांच्याच तंजावरी मराठी लोकांपैकी, गिंडीला एका छोट्या कारखान्यात इंजिनिअर. मंडप, म्हणजे आपलं मंगल कार्यालय, ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, वाण्याकडून नारळांची पोती आली होती.

घरी येऊन विजयेंद्रनं अम्मांना तपासणीचं सांगितलं. गोळ्यांचं सांगायच्या वेळी आईपुढे तो शब्द कसा काढायचा म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पाणी प्यायला गेला. पुरुषांना अशा वेळी नेमकी तहान लागते.

अम्मा म्हणाल्या, "लग्नानंतर तपासूं."

"लग्नाआधीच तपासायला हवं, अम्मा," मी म्हटलं.

"आणि त्यांच्याकडे कळलं म्हणजे? पोरीच्या रक्तांत दोष आहे म्हणून गावभर होईल. आत्ता अस्कं झालेलं आहे. दोन आठवडे थांब ग."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असा तो हिशेब होता. मला तो कळतही होता. बापाविना वाढवलेल्या मुलीचं लग्न मोडलं तर काय होतं हे मला कोणी शिकवायला नको. पण मूठ झाकली तरी आत जे आहे ते आहेच. माझी खरी धास्ती तपासणीची नव्हती. दोन आठवड्यांनी तपासलं असतं तरी चाललं असतं. माझं लक्ष होतं त्या पावडरच्या डब्याकडे. रंजनीची तारीख मुहूर्तालाच येत होती हे मला माहीत होतं, आणि मला माहीत होतं म्हणजे अम्मांना तर कधीचंच.

शनिवारी दुपारी मी रंजनीच्या खोलीत साड्या फॉल लावून आल्या का बघायला गेले तर तिच्या पर्सच्या वरच्या कप्प्यात पट्टी.

"ही कधी दिली अम्मांनी?"

"सकाळी. उद्यापासून घ्यायची आहे." ती मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली.

"घेऊ नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय. तुला तपासेपर्यंत तर अजिबात नाही."

"मन्नी, प्लीज, सीन करू नको. किती वर्षं घेतेय मी. कधी काही झालं का?"

"रस्ता ओलांडताना दर वेळी गाडी येत नाही, रंजनी. म्हणून डोळे मिटून ओलांडतेस का?"

तिनं मान वर केली. माझा चेहरा बघून तिला काय ते कळलं असावं. या चेहऱ्याचा तेवढा एक उपयोग. "मग तूच अम्माशी बोल," ती म्हणाली. "मला जमणार नाही."

अम्मा स्वयंपाकघरात खाली बसून चिंच निवडत होत्या. मी पट्टी त्यांच्यासमोर फरशीवर ठेवली आणि म्हटलं, "ही गोळी तिला द्यायची नाही." नंतर मी डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. पाळीचंही, गोळीचंही, जे नवऱ्यानं पाण्याबरोबर गिळलं होतं ते सगळं. गाठ होऊ शकते म्हटलं. तीही मुहूर्ताच्या आठवड्यात. हळद लावलेल्या मुलीला घेऊन हॉस्पिटलात धावायचंय का, असंही म्हटलं. ते बोलायला नको होतं, पण माझा घोडा एकदा सुटला की सुटला.

अम्मांचे हात थांबले नाहीत. चिंचोका बाजूला, चिंच ताटात. "मुहूर्ताला बाहेर बसलेली मुलगी मांडवात उभी करूं? अग्नीसमोर?"

"करा. अग्नीला काही होत नाही. तिला होईल."

"तुला काय ठाऊक काय होतं तें." त्यांचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "तुला काय ठाऊक ग. ज्याचं त्याला ठाऊक."

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि पदरानं हात पुसले.

"मामंजींचं श्राद्ध होतं," त्या म्हणाल्या. मामंजी म्हणजे त्यांचे सासरे. "ह्यांचं प्लास्टर नुकतं काढलं होतं. पाय सुजलेला, तसेच खाली बसले श्राद्धाला. मी वडे तळत होतें. अर्धे झाले होते. आणि मला कळलं. ब्राह्मण येऊन पाटावर बसलेले. घरांत दुसरी बाई नाही. काय करूं? मी कोणाला सांगितलें नाही. अस्कं मीच केलें. मीच वाढलें. आणि पुढल्या आठवड्यांत हे गेले. पेपर हातांत होता. मी सकाळची कापी घेऊन आलें तर मान कललेली."

बाहेर भाजीवाल्याचा ध्वनिक्षेपक टोमॅटो टोमॅटो म्हणून ओरडत गेला.

"हें कोणाला ठाऊक नाही. विजयेंद्राला नाही. माझ्या आईला सांगितलें नाही. माझ्या लेकीच्या वाट्याला असं कधी येऊं नये म्हणून मी ती पट्टी ठेवतें. तुम्हांला वाटतं, अम्मांना मडीचं वेड आहे म्हणून."

मला तसंच वाटत होतं. इतकी वर्षं मी त्या डब्यावर दात-ओठ खाल्ले, आणि त्यात ही बाई काय जपून ठेवत होती याची मला कल्पना नव्हती. मी खाली फरशीवर त्यांच्यासमोर बसले.

"अम्मा, ते तुमच्यामुळे गेले नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"विजयेंद्रला जे आहे ते अप्पांना असणार. त्यांच्या रक्तातच ते कमी होतं, जन्मापासून. पाय प्लास्टरमध्ये राहिला की हलत नाही, रक्त साचतं, गाठ होते. ती सुटून फुप्फुसात जाते आणि माणूस बसल्या जागी जातो. त्यांचं अगदी तसंच झालंय. आज कोणी शपथेवर सांगू शकणार नाही, पण डॉक्टरांनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. तुमची पाळी आली म्हणून कोणाच्या पायात गाठ होत नाही."

"सुटून," अम्मा म्हणाल्या.

"हो. गाठ सुटून."

बराच वेळ त्या समोरच्या फळीकडे बघत राहिल्या. फळीवर नेहमीचंच होतं, डाळींचे डबे, मिठाची बरणी, तेलाच्या बाटल्या. मला वाटलं, सव्वीस वर्षांचं ओझं उतरायला वेळ लागणारच. मला आपलं मनातून बरंच वाटत होतं, एकदा तरी माझ्या खरं बोलण्यानं कोणाचं भलं झालं म्हणून. शेवटी त्यांनी फरशीवरची पट्टी उचलली, माझ्या हातात दिली आणि चिंचेचं ताट पुन्हा ओढून घेतलं. "सोमवारी तपासून आण तिला," त्या म्हणाल्या.

रंजनीचंही प्रमाण कमी निघालं. ती एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी कोणाला न विचारता गिंडीला जाऊन वेंकटला भेटली आणि सगळं सांगून आली. अम्मांनी ते ऐकलं आणि त्या खुर्चीत बसल्या. "काय म्हणाला?"

"पहिल्यांदा काहीच नाही. मग बाळंतपणाचं विचारलं, डॉक्टर काय म्हणतात म्हणून. मी सांगितलं, तेव्हा इंजेक्शनं घ्यावी लागतील." रंजनी नखं बघत होती. "मग विचारलं, हनिमूनच्या फ्लाइटमध्ये तुला किती वेळा उठवून चालवायचं?"

विजयेंद्र हसला, मी हसले. अम्मा देवापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. पावडरचा डबा त्या दिवसापासून देवाच्या फळीवर दिसला नाही. तो कुठे गेला हे मी विचारलं नाही, माझ्या मानानं ही मोठीच गोष्ट.

आणि व्हायचं तेच झालं. मुहूर्ताच्या पहाटे मंडपातल्या खोलीत रंजनी माझ्या कानाशी लागली. अम्मा तिच्या नऊवारीच्या निऱ्या करत होत्या. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं. त्यांना कळलं हे मला कळलं. खोलीत आत्या होत्या, वेंकटची मावशी होती, दोघीजणी गजरे मोजत होत्या. अम्मांनी तोंडातली पिन काढली, निरी खोचली, मुलीच्या हनुवटीला हात लावून तिचा चेहरा वर केला आणि म्हणाल्या, "चल. उशीर होतोय." तिचा हात धरून त्यांनी स्वतः तिला मांडवापर्यंत नेलं. अग्नी व्यवस्थित पेटला. धूर फार झाला एवढंच, तो तर सगळ्याच लग्नांत होतो. विजयेंद्रच्या धोतराखालून त्याचा तो बदामी मोजा दिसत होता आणि वेंकटकडचे लोक ही कुठली नवी पद्धत म्हणून वाकून बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं. रंजनी सासरी गेली, विजयेंद्र भांड्यांचा हिशेब करायला मंडपात गेला. अम्मा पुढच्या खोलीत भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. दोन दिवस उभं राहून पाय सुजले होते, दोन्ही सारखेच. आता मला पाय बघायची सवयच लागली आहे. मी विचारलं, दुखतात का. त्या म्हणाल्या, वय झालं. मी स्वयंपाकघरात गेले, तिळाचं तेल वाटीत घेऊन कोमट केलं आणि त्यांच्या पायाशी येऊन बसले. त्या नको नको म्हणाल्या, पण एक पाय मी मांडीवर घेतलाच.

तेल लावून घोट्यापासून वर चोळायला लागले तशी त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"ह्यांचं प्लास्टर काढल्यावर," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "पाय असाच सुजलेला होता. एकच. मी रोज चोळत होतें. जेवण झालं कीं तेल कोमट करायचें आणि चोळायचें. जोर लाव म्हणायचे."

माझा हात चालत होता. आपण काय ऐकतोय ते मला कळलं आणि तरी हात चालत राहिला.

"विजयेंद्राला तेल लावूं नको कां म्हणाला ग डाक्टर?"

मी मान खाली घातली. समोर पाय होता, त्यावर निळसर शिरा, टाचेला भेगा. मला स्वयंपाकघरातल्या त्या फळीची, तिथल्या तेलाच्या बाटल्यांची आठवण झाली, त्या दिवशी त्या कशाकडे बघत होत्या ते आत्ता समजलं. सुटून, असं त्या म्हणाल्या होत्या. मी किती खुशीत हो म्हटलं होतं.

"तो मोजा आहे ना," मी म्हटलं. "तेलानं त्याचं रबर खराब होतं. महाग असतो तो. म्हणून नको म्हणाले."

माझा आवाज मलाच परका वाटला. अम्मांनी डोळे उघडले. मी वर बघितलं नाही, पण त्या माझ्याकडे बघताहेत हे मला कळत होतं.

"मोजा तर नंतर आला," त्या म्हणाल्या.

माझे डोळे भरून आले आणि तेलकट हातांनी ते पुसताही येईनात.

"तुला खोटं बोलायला येत नाही ग, कौमुदी." त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. "तरी बोललीस."

"अम्मा, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सुद्धा तुम्हाला..."

"असूं दे." त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. "तें श्राद्धाचं मी भिऊन लपवलें. सव्वीस वर्षं त्या भीतीनंच जीव खाल्ला. हें मी मायेनं केलें. हें वाहायला जमेल मला." मग त्यांनी विचारलं, "चोळल्यावर ह्यांना बरं वाटायचं. वाटत असेल की?"

"वाटत असणारच, अम्मा," मी म्हटलं, आणि हे खरं होतं.

अम्मांनी मान हलवली. मग मांडीवरचा पाय काढून घेतला आणि दुसरा पुढे केला.